मदत हवी आहे: रीफ टँकला कॅनिस्टर की संप? रविवारच्या आत सांगा

निळी_लाट
मंडळी नमस्कार. सोलापुरात खाऱ्या पाण्याचा टँक करतोय, प्रवाळासकट. दुकानदार म्हणतो मोठा कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) लावा, दुसरं काही लागत नाही. व्हिडिओत मात्र जो तो संप (टँकखाली ठेवायची फिल्टरची टाकी) आणि स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) सांगतो. रविवारी सामान आणायला पुण्याला जातोय. कॅनिस्टर की संप, आणि स्किमर किती लिटरचा, एवढंच सांगा. गोड्या पाण्याचा दहा वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे बेसिक नको.

काचकाम
टँकची मापं? काच किती मिमी? मागच्या काचेला भोक आहे का? स्टँडच्या आतली उंची? यातलं काहीच लिहिलं नाहीत. मापांशिवाय स्किमर सांगणारा अंदाजपंचे सांगतोय असं समजा.

स्किमरप्रेमी
संप आणि स्किमर, दुसरा विचारच नको. कॅनिस्टरमध्ये विष्ठा आणि उरलेलं खाणं अडकतं खरं, पण ते पाण्यातच राहतं, तिथेच कुजतं आणि नायट्रेट वाढतं. स्किमर तीच घाण कुजायच्या आधी फेसाबरोबर कपात काढून टाकतो. शिवाय तो पाण्यात हवा घुसळतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते फार महत्त्वाचं. खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. रात्री प्रवाळ आणि मासे दोघंही ऑक्सिजन घेतात, तेव्हा हा फरक जाणवतो.

बादलीभर_मीठ
कॅनिस्टरला इतकं वाईट ठरवू नका. आतले स्पंज आणि सिरॅमिक काढून फक्त कार्बन आणि फॉस्फेट काढणारी लोहाची खडी भरली आणि दर आठवड्याला उघडून धुतला, तर तो चांगलं काम करतो. लोक तीन-तीन महिने उघडत नाहीत, तिथे बिघडतं.

स्किमरप्रेमी
दर आठवड्याला नळ्या सोडवून, बादलीत उपसून, ओ-रिंगला ग्रीस लावून परत बसवायचा? दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. संपमधला २०० मायक्रॉनचा सॉक (गाळणीची पिशवी) दर तीन-चार दिवसांनी बदलायला दोन मिनिटं लागतात.

निळी_लाट
माप ३ × १.५ × १.५ फूट, काच १० मिमी, भोक नाही. स्टँडमध्ये आत ६० सेंमी उंची. दोन क्लाउन आणि एखादा गोबी मासा, आणि सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ). पाणी घरच्या आरओचं आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला आहे. आता तरी सांगा.

शून्य_टीडीएस
प्रश्न मिटलेला नाही. तुमच्या आरओत तांब्याचं काडतूस आहे का? हल्ली बऱ्याच घरगुती मशीनमध्ये असतं. माणसाला ते चालतं, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ अगदी थोड्या तांब्यानेही मरतात. एकदा ते खडकात आणि वाळूत मुरलं की काढणं फार अवघड. दुसरं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर. तो कच्चं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणून नळावर ५०-८० दिसतं. रीफला शून्य लागतं.

करायचं असं: मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या पाइपला, मिनरल काडतूस आणि कंट्रोलर यांच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. तिथून वेगळी नळी काढून पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) काडतूस लावा. मीटर रेझिननंतर धरायचा. आकडा १-२ वर चढला की रेझिन बदला. बोअरचं जड पाणी असेल तर रेझिन भराभर संपेल, म्हणून आरओला नळाचंच पाणी द्या. आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा ५०-६० लिटरचं झाकणाचं फूड ग्रेड पिंप तयार पाण्याने भरून ठेवा.

निळी_लाट
आत्ता उघडून बघितलं. तांब्याचं काडतूस आहे. नळावर ६४.

शून्य_टीडीएस
मग टी आधी बसवा, सामान नंतर आणा.

हिरवी_जटा
स्किमरचा एवढा गाजावाजा कशाला? संपमध्ये एक कप्पा ठेवून त्यात कीटोमॉर्फा शेवाळ वाढवा. ते नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खातं. दर दोन आठवड्यांनी मूठभर उपटून फेकलं की तेवढं पोषण टँकबाहेर गेलं. त्याचा दिवा रात्री लावला तर पीएचही रात्री फार घसरत नाही. दोन क्लाउन, एक गोबीला एवढं पुरे.

स्किमरप्रेमी
नव्या टँकमध्ये पोषणच नसतं, तेव्हा ते शेवाळ वितळतं. चार-पाच महिन्यांनी लावा. आधी स्किमर.

हिरवी_जटा
हे पटलं. पण संप बांधतानाच कप्पा सोडा, नंतर काच बसवणं होत नाही.

प्रकाश_मोजणारा
लाइट सुरुवातीला निळा ४० टक्के, पांढरा १० टक्के, रोज सहा तास. दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा. एकदम पूर्ण लावला तर सॉफ्ट कोरल पांढरं पडतं.

निळी_लाट
लाइटचं विचारलं नव्हतं हो. संपचं सांगा.

काचकाम
आता मापं आली, तर ऐका. टँक साधारण १९० लिटरचा. संप २ × १ × १.२५ फूट, म्हणजे ७० लिटरचा. चालू असताना त्यात ४५ लिटरच पाणी ठेवायचं, बाकी जागा मुद्दाम रिकामी. कारण वीज गेली की वरचं पाणी खाली येतं. तुमच्या टँकचा पृष्ठभाग ४२०० चौ. सेंमीच्या आसपास, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला सव्वाचार लिटर. रिटर्नचं (संपमधून पाणी परत वर आणणाऱ्या पाइपचं) तोंड पाण्याखाली ५ सेंमी असेल तर सायफन लागून २१ लिटर एकट्या तिथून उतरेल, शिवाय ओव्हरफ्लोचं (टँकमधून संपमध्ये पाणी उतरवणाऱ्या वाटेचं) आणि पाइपांतलं. संप काठोकाठ, मग फरशीवर. म्हणून तोंड १ ते २ सेंमीच खाली ठेवा. सायफन तोडायला भोक पाडतात, पण त्यावर शेवाळ बसून ते बुजतं. त्याच्या भरवशावर राहू नका.

स्किमर ३००-४०० लिटरचा लिहिलेला घ्या. डब्यावरचा आकडा बहुधा कमी माशांच्या टँकचा असतो. उंची ४५ सेंमीपेक्षा जास्त नको, कारण ६० सेंमीच्या स्टँडमध्ये कप वर उचलून काढायला जागा लागते. कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली बघा, साधारण १८ ते २२ सेंमी असते. काचेची भिंत घालून त्या कप्प्याची पातळी कायम ठेवा. पातळी हलली की स्किमर कधी कोरडा, कधी उतू. नवा स्किमर पहिला आठवडाभर कप भरून उतू जाऊ शकतो. तेव्हा तो बदलायला धावू नका, कप वर करून ठेवा.

रिटर्न पंप असा की वर चढवून ताशी १००० लिटर मिळतील. टँकमधला प्रवाह वेवमेकरने (टँकच्या आत बसवायच्या पंपाने) द्या, ताशी चार हजारांचा पुरे.

निळी_लाट
भोक न पाडता काठावर टांगायचा ओव्हरफ्लो लावला तर?

काचकाम
सोलापुरात दिवसाला दोनदा वीज जाते असं धरून सांगतो, नको. वीज परत आली आणि त्याचा सायफन तुटलेला असला, तर पंप पाणी वर टाकत राहतो आणि खाली काही येत नाही. भोक पाडा. आधी काच टफन (तापवून कडक केलेली) आहे का बघा. मागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. डाग किंवा पट्टे दिसले तर टफन, तिला ड्रिल लागताच चुरा होईल.

गच्चीवर_४३
मे महिन्यात पाणी ३१-३२ ला जाईल, चिलर आत्ताच घ्या.

बादलीभर_मीठ
चिलरचा खर्च आत्ता नको. आपली हवा कोरडी, त्यामुळे पृष्ठभागावर दोन पंखे आडवे मारले तरी तीन-चार अंश उतरतात. फक्त त्याने रोज काही लिटर पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं. १० लिटर उडाले आणि भरलं नाही, तर एकूण २३५ लिटरमध्ये क्षारता ३५ वरून ३६.५ वर जाते. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा, त्यात शून्य टीडीएसचं गोडं पाणी. मीठमिश्रित पाणी त्यात कधीच नको. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा गुण कमी होतो, पण तेव्हा ऊनही नसतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, स्क्वेअर वेव्हवर पंप गुणगुणतात आणि तापतात.

खडक_आणि_कायदा
एक विनंती. किनाऱ्यावरून उचललेला जिवंत खडक किंवा प्रवाळ कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. २००१ पासून कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. कोरडा खडक घ्या, २० किलोच्या आसपास. जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होईपर्यंत मासा नाही.

निळी_लाट
मासे पुढच्या रविवारी आणायचे ठरवले होते. ते रद्द. गॉगलने बघितलं, मागची काच साधी आहे. तळाला पट्टे दिसतात. भोक किती मिमीचं आणि किती?

काचकाम
मागच्या काचेत दोन. एक मुख्य, दुसरं संकटासाठी कायम उघडं. टँक कनेक्टर हातात आल्याशिवाय ड्रिल लावू नका. आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, त्यात दोन मिमी मिळवा, तेवढा डायमंड बिट. काठापासून भोकापर्यंत किमान भोकाच्या व्यासाइतकी काच सोडा. मागे टेप, सतत पाणी, कमी वेग, दाब अजिबात नाही. मुख्य पाइपला गेट व्हॉल्व्ह लावा, तोही यूपीव्हीसीचा. दुकानदार पितळी देईल, तो परत करा. पितळातही तांबंच असतं.

निळी_लाट
घरी पितळीच आणून ठेवलाय. उद्या बदलून आणतो, आणि आरओवाल्याला टी बसवायला सकाळी बोलावलंय.