मदत हवी आहे : सेंच्युरियन रणगाड्याच्या मॉडेलवरची धूळ आणि अर्धवट वाळलेला चिखल

नमस्कार.

१/३५ प्रमाणातील सेंच्युरियन रणगाड्याच्या मॉडेलचे रंगकाम शेवटच्या टप्प्यात आले आहे आणि त्यावरील धूळ व चिखलाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मॉडेल भारतीय लष्कराच्या ‘१७ पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटच्या रणगाड्याचे आहे. १९७१ च्या भारत-पाक युद्धात, डिसेंबरमध्ये, १५ आणि १६ तारखेमधल्या रात्री बसंतर नदी ओलांडून दुसऱ्या दिवशी शकरगढ भागात लढलेला रणगाडा मला दाखवायचा आहे. याच लढाईतील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. मात्र जतन केलेल्या वाहनांना नवा रंग दिलेला असतो, त्यामुळे त्यांच्यावरून रचना कळते, रणांगणावरची अवस्था कळत नाही.

आतापर्यंत प्रायमरवर ॲक्रिलिक ऑलिव्ह ग्रीन, त्यावर ग्लॉस व्हार्निश, मग डिकल्स (चिकटवायची चिन्हे व आकडे) आणि नंतर गडद तपकिरी इनॅमल वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) असा क्रम ठेवला आहे. पूर्ण वाळलेला ॲक्रिलिक रंग व्हाइट स्पिरिटने सुटत नसल्याने वॉश पुसून घेताना काही अडचण आली नाही. टरेटवरून (तोफेच्या फिरत्या बुरुजावरून) खाली ओघळलेले डाग ऑइल रंगांनी केले. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवला की त्यातले जवसाचे तेल शोषले जाते आणि वाळल्यावर नको ती चमक राहत नाही. हा भाग मनासारखा झाला आहे.

अडचण धुळीची आहे. पंजाबच्या गाळाच्या जमिनीची फिकट, पिवळसर राखाडी छटा मला हवी आहे. आपल्याकडच्या काळ्या किंवा तांबड्या मातीचा रंग तिथे शोभणार नाही. टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर पिगमेंट (रंगाची बारीक पूड) कोरडे लावले, तेव्हा ते बोल्टच्या डोक्यांभोवती आणि वेल्डिंगच्या सांध्यांत अगदी खऱ्या धुळीसारखे बसले. पण त्यावर मॅट व्हार्निश फवारताच फिकटपणा गेला आणि तिथे फक्त किंचित गडद हिरवा रंग उरला. उलट व्हाइट स्पिरिटचे थेंब सोडून पिगमेंट बसवले, तर वाळल्यावर छटा परत येते, पण बोट लागले की धूळ निघते. पिगमेंट मुद्दाम दोन छटा फिकट घेऊन वर व्हार्निश द्यावे, की व्हार्निश आधीच उरकून पिगमेंट शेवटी लावावे आणि मॉडेलला पुन्हा हात लावूच नये? मी रत्नागिरीला असतो. पावसाळी दमट हवेत मॅट व्हार्निश पांढुरके पडते, हेही कृपया लक्षात घ्यावे.

दुसरा प्रश्न चिखलाचा. नदी रात्री ओलांडली आणि लढाई दिवसा झाली, तेव्हा चाकांच्या बाहेरच्या कडांवरचा चिखल वाळून फिकट झालेला असावा आणि सस्पेन्शनच्या आतल्या कोपऱ्यांत तो अजून ओला, गडद असावा, असा माझा अंदाज आहे. प्लास्टर, पिगमेंट आणि पातळ फेव्हिकॉल यांचे मिश्रण मी वापरणार आहे. या प्रमाणात दोन मिलिमीटरचे ढेकूळ प्रत्यक्षात सात सेंटिमीटरचे होते, म्हणून पोत फार बारीक हवा. ओल दाखवायला ग्लॉस व्हार्निश लावता येईल, पण सुक्या आणि ओल्या चिखलामधली सीमा रेघ ओढल्यासारखी दिसू नये, यासाठी आपण काय करता?

गंजाबाबत माझे मत ठाम आहे. चालत्या, लढत्या रणगाड्यावर नारिंगी गंजाचे थर दाखवणे मला पटत नाही. तसा गंज वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेल्या सांगाड्याला शोभतो. सेंच्युरियनचे पट्टे मँगनीज पोलादाचे असल्याने जमिनीला घासणाऱ्या कडा चकाकत्या आणि उरलेला भाग गडद तपकिरी ठेवणार आहे. ट्रॅकगार्डवरचे (पट्ट्यांवरच्या संरक्षक पत्र्यावरचे) सायलेन्सर मात्र उष्णतेने रंग जळून गंजलेले दाखवावे लागतील. तिथे ऑइल रंगावर पिगमेंट टिपणे योग्य, की स्पंजने ॲक्रिलिकचे ठिपके देणे, याबद्दलही अनुभव सांगावा.

बाजूचे पत्रे अजून चिकटवलेले नाहीत, त्यामुळे आतल्या चाकांपर्यंत ब्रश पोहोचतो. ते बसवण्याआधी, मिश्रणाचे प्रमाण आणि वाळण्याचा अवधी यांसह उत्तर मिळाल्यास फार मदत होईल.