विपश्यनेच्या दहा दिवसांत ‘खरा मी’ सापडतो का?

मुळशीकर: ऑफिसात सध्या इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या मौन ध्यान-शिबिराला जाऊन यायची टूम निघालीय. येणारा प्रत्येक जण सांगतो की मला आतली शांतता मिळाली, खरा मी सापडला वगैरे, आणि महिन्याभरात तोच पार्किंगवरून वॉचमनवर खेकसत असतो. अहो, पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, साडेनऊला दिवे बंद, फोन नाही, वाचन नाही, बोलणं नाही, जेवण आयतं, अशात कुणीही गप्पगार होईल की! ही शांतता जागेची आहे, तुमची नाही.

गोदाकाठ: तुम्ही स्वतः बसलायत का कधी? शांत होतं म्हणे! पहिले तीन-साडेतीन दिवस नुसता श्वास बघायचा, नाकपुड्या आणि वरच्या ओठावरच्या एवढ्याशा जागेत, आणि तेवढ्यात शाळेतलं भांडण, सासूबाईंचा टोमणा, फ्रीजचा हप्ता सगळं उसळून वर येतं. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना नुसत्या बघणं, शिकवतात, मग अधिष्ठानाच्या बैठका, तासभर हात-पाय-डोळे उघडायचे-हलवायचे नाहीत. गुडघा नुसता पेटतो. आणि मग कधीतरी कळतं की दुखणं वेगळं आणि ‘मेलो मेलो’ असा आपणच आत केलेला आरडाओरडा वेगळा. मला तरी हे घरच्या सोफ्यावर कधी कळलं नव्हतं.

मुळशीकर: म्हणजे गुडघेदुखीतून आत्मज्ञान. बरं.

जुना साधक: टिंगल राहू द्या, पण मूळ मुद्दाच चुकतोय. ‘खरा मी’ तिथे कोणी शिकवतच नाही. ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी आता नाहीत, पण रोज संध्याकाळी लावतात त्या त्यांच्या रेकॉर्डेड प्रवचनात सांगितलंय ते अनिच्च, म्हणजे काहीच टिकत नाही, संवेदना आली, गेली, तिला माझी म्हणून धरू नका. बुद्धाच्या शिकवणीत कायमचा आत्मा नाहीच. लोक जाताना ‘मी’ डोक्यात घेऊन जातात आणि येताना त्यालाच पॉलिश करून आणतात, त्याला विपश्यना काय करणार?

टाळकरी: तुमचं चालू द्या. आमच्याकडे वडील भांगलताना नाम घेतात, पालखीबरोबर चालताना एवढ्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात त्यांचं मन जेवढं लागतं तेवढं बंद खोलीत लागणार नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात एकांत, आसन सगळं सांगितलंय, नाही असं नाही, पण शेतकरी माणसाला दहा दिवस गुरं कोणाच्या भरवशावर सोडायची हो? मन स्थिर करायला तोंड बंदच पाहिजे हे काही पटत नाही.

गोदाकाठ: @टाळकरी नामाला कोण नाही म्हणतंय दादा. पण 1994 ला तिहार जेलमध्ये किरण बेदींनी हजारभर कैद्यांचं शिबिर भरवलं होतं, ते काही निवांत सुट्टीवर आलेले लोक नव्हते.

निशिगंध: एक बाजू राहतेय. माझ्या ओळखीतली एक मुलगी डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना शिबिराच्या फॉर्मवर त्याबद्दल काही न लिहिता गेली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी इतकी घाबरली की घरच्यांना न्यायला जावं लागलं. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवर पेपर काढला, त्यात भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं हे सगळं नोंदवलंय. फॉर्ममध्ये आजार विचारतात तो खरा लिहा, आणि आधी आपल्या डॉक्टरशी बोला. ‘आत जा, सगळं बरं होईल’ असं कुणालाही सरसकट सांगत सुटू नका प्लीज.

जुना साधक: निशिगंधताई, शंभर टक्के सहमत. आणि मुळशीकर, महिन्याभरात उतरतं कारण घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात ते कोणी करत नाही.

मुळशीकर: रोज दोन तास?? सकाळी सातची लोकल, रात्री नऊला घरी. मग हे पेन्शनवाल्यांसाठी आहे असं सरळ सांगा ना.

गोदाकाठ: रात्री अकरापर्यंत रील्स बघता ना, त्यातला एक तास काढा. दुसऱ्याचं नंतर बघू.