पोलिन जारिको: दहांची साखळी आणि रुस्त्रेलचे कर्ज

वसईकर: २२ मे २०२२ ला फ्रान्समधल्या लियाँ शहरात कॅथलिक चर्चने पोलिन जारिको (१७९९–१८६२) हिला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले, तेव्हापासून बोलणे होते ते तिच्या भक्तीवर. माझ्या मते तिची मोठी देणगी म्हणजे मिशनकार्यासाठीची, म्हणजे धर्मप्रसारासाठीची, वर्गणी. प्रत्येकाने आठवड्याला एक सू, म्हणजे पाच सांतीम द्यायचे. दहा जणांमागे एक प्रमुख, दहा प्रमुखांवर शंभरांचा, त्यांच्यावर हजारांचा. वर्षाला माणशी २ फ्रँक ६० सांतीम, हजारांचे २,६००. गिरणीतल्या मजूर मुलींनाही हे झेपे. प्रमुखाने दहाच दारे ठोठवायची, त्यामुळे कुणाची वर्गणी राहिली ते त्याच आठवड्यात कळे. आपल्या धर्मग्रामातला मिशन रविवारचा निधी आजही या साखळीतून उभ्या राहिलेल्या धर्मप्रसार संस्थेकडे जातो.

हिशेबनीस: साखळी तिची, मान्य. पण ३ मे १८२२ ला संस्था स्थापन झाली ती लियाँतल्या पुरुषांच्या बैठकीत, आणि निमित्त होते अमेरिकेतल्या लुइझियानाचे बिशप द्युबूर यांच्या मिशनसाठी मदत उभारण्याचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दक्षिण फ्रान्समधले रुस्त्रेल गाव. १८४५ मध्ये कामगारांची आदर्श वसाहत उभारायची म्हणून तिने तिथला लोखंडाचा कारखाना घेतला. त्यात साध्या माणसांची बचत कर्जाऊ घेतलेली होती, आणि ती बुडाली. गौरवलेखांत हे एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

वसईकर: तिला फसवले गेले. शिवाय उरलेले सारे आयुष्य ती कर्ज फेडत राहिली आणि निर्धन अवस्थेत वारली.

हिशेबनीस: फसवले गेले, हे कारण अर्धेच झाले. साखळीत प्रत्येक सू दोन-तीन हातांतून मोजला जाई. रुस्त्रेलमध्ये पैसा आणि अधिकार दोन्ही कारभाऱ्यांच्या हाती गेले, वर तपासणारे कुणी नव्हते. तिने स्वतः घालून दिलेली पद्धत तिथे पाळली गेली नाही. पैसे देणाऱ्यांचा विश्वास मात्र तिच्या नावावर होता.

जपमाळ: दोघेही पैशातच अडकलात. तिने १८२६ मध्ये सुरू केलेली ‘जिवंत जपमाळ’ पाहा: १५ जण, १५ रहस्ये (येशू-मरियेच्या जीवनातले चिंतनाचे प्रसंग). दर महिन्याला चिठ्ठ्यांनी रहस्य वाटून घ्यायचे, रोज प्रत्येकाने एकच दशक (दहा ‘नमो मरिया’ प्रार्थना) म्हणायचे. एक गळाला की एक रहस्य रिकामे राहते, म्हणून जागा लगेच भरावी लागते. २००२ मध्ये प्रकाशाची पाच रहस्ये आली, त्यांच्यासह करायची तर गट २० जणांचा हवा. हे एक पैसाही न लागता चालते.

हिशेबनीस: चालते, आणि मला ते मोलाचे वाटते. पण कर्ज देणाऱ्यांत याच जपमाळेतले लोकही होते. म्हणून तिचे चरित्र सांगताना त्यांच्या बुडालेल्या बचतीला निदान एक पूर्ण परिच्छेद द्या.