५.१ स्पीकरसाठी साऊंड कार्ड घ्यावं का?

खटपट्या: पीसीला ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक बेसचा सबवूफर) घेतलेत, तीन पिना आहेत पण मदरबोर्डला मागे तीनच जॅक, त्यात एक माईकचा. कार्ड घ्यावंच लागेल का? बजेट कमी आहे.

रात्रपाळी: थांब रे, पैसे नको घालवू. रियलटेकच्या (मदरबोर्डवरच्या साऊंड चिपच्या) सेटिंगमध्ये ५.१ निवड, मग हिरवा जॅक पुढचे स्पीकर, निळा मागचे आणि गुलाबी सेंटर-सबवूफर होतो. माईक पुढच्या पॅनलला लाव.

जुना_गेमर: +१. आणि ऑप्टिकलच्या (प्रकाशाने डिजिटल आवाज नेणाऱ्या केबलच्या) नादी लागू नकोस, त्यातून साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) दोनच चॅनल जातो, गेमला ५.१ हवं तर डॉल्बी डिजिटल लाईव्हसारखी सोय (५.१ आवाज लगेच दाबून पाठवणारी) असलेलं कार्ड किंवा मदरबोर्ड लागतो, शिवाय स्पीकरमध्ये तो आवाज परत उलगडणारा डीकोडर पण हवा. खरखर फारच आली तरच कार्ड बघ.

खटपट्या: झालं! मागचे पण वाजले 😀