लोहाच्या गोळीची सूचना पालकांना कळेल अशी कशी लिहायची?

खडूफळा
सहावी ते दहावीच्या मुलांना दर सोमवारी लोहाची निळी गोळी देतात. सूचनेचा मसुदा असा आहे: "साप्ताहिक लोह व फॉलिक ॲसिड कार्यक्रमांतर्गत विद्यार्थ्यांना मात्रा देण्यात येणार असून पालकांनी आवश्यक ते सहकार्य करावे." सभेत सगळे माना डोलावतात, तरी मुलं उपाशीपोटी येतात. मग मळमळ होते, आणि "शी काळी झाली, गोळी बंद करा" असे निरोप येतात. मसुद्यात काय बदलू?

दवंडी
"सहकार्य करावे" म्हणजे पालकांनी नेमकं करायचं काय, तेच यात नाही. असं लिहा:

"सोमवारी मुलांना डबा नक्की द्या. डबा खाल्ल्यावर शाळेत एक निळी गोळी देऊ. ती रक्त वाढवते. शी काळी होऊ शकते; ते लोहामुळे होतं, घाबरू नका. त्या दिवशी मूल आजारी असेल किंवा त्याला सिकलसेल, थॅलेसेमिया असा रक्ताचा आजार असेल तर गोळीआधी सांगा."

६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड हे आकडे रजिस्टरात असू देत. गोळीनंतर तासभर चहा नको, हे महत्त्वाचं आहे. पण ते मुलांनाच वर्गात सांगा. एका कागदावर सगळं कोंबलं की डब्याची गोष्टच हरवते.

खडूफळा
"शी" हा शब्द शाळेच्या लेटरहेडवर बरा दिसेल का?

दवंडी
निरोपात पालक तोच शब्द वापरतात ना? "मलाचा वर्ण" लिहिलंत तर कुणी वाचणार नाही.

रानजाई
सभेत "समजलं का?" विचारूच नका, उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी म्हणा, "मला नीट सांगता आलं का ते बघायचंय. घरी आजींनी विचारलं, शी काळी का झाली, तर काय सांगाल?" चूक सांगणाऱ्याची धरली की पालक मोकळे बोलतात. उत्तर चुकलं तर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, शब्द बदला. आणि एकेकाला उभं करू नका, त्याची तोंडी परीक्षा होते. प्रत्येकाने आपल्या शेजारच्या पालकाला सांगावं.

दवंडी
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, तोही घरच्या बोलीत. चित्र काढणार असाल तर रिकाम्या ताटावर फुली नको. "त्या दिवशी जेवायचं नाही" असा अर्थ निघतो. आधी भरलेला डबा, मग गोळी. दोन्हींवर १, २ आकडे घाला.