मदत हवी आहे: जिप्सीत १३०० इंजिन टाकलं, ऑइल प्रेशरचा काटा चावी ऑन केली की थेट फुल

नमस्कार मंडळी, गाडी जुनी जिप्सी, ९७० सीसीवाली. इंजिन पार थकलं होतं म्हणून एस्टीमचं १३०० कार्ब्युरेटरवालं बसवलं (आरटीओची प्रोसेस चालू आहे, त्यावर व्याख्यान नको प्लीज). इंजिन एकदम गोड चालतंय, घोडं अडलंय ते ऑइल प्रेशरच्या वायरिंगवर.

ओरिजिनल सिस्टिम म्हणजे एका वायरचा स्विच, प्रेशर नसलं की तो आतून अर्थ देतो (वायर इंजिनच्या बॉडीला जोडतो) आणि दिवा लागतो, प्रेशर आलं की अर्थ तुटतो आणि दिवा विझतो. पण तो पेटतो साधारण ०.३ बारच्या खाली, तोपर्यंत बेअरिंगची वाट लागायला सुरुवात झालेली असते, म्हणून मला दिव्यासोबत काटापण हवाय. व्हीडीओ कंपनीचा दोन टर्मिनलवाला सेंडर (प्रेशर मोजून मीटरला सिग्नल देणारा सेन्सर) घेतला, एकावर जी (काट्यासाठी) आणि दुसऱ्यावर डब्ल्यूके (दिव्यासाठी) लिहिलंय, १० ते १८० ओहम, मीटरपण त्याच रेंजचा.

ब्लॉकचे आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पाइप आटे) आणि सेंडरचे १/८ एनपीटी (अमेरिकन पाइप आटे). दिसायला सेम, दोन-तीन आटे जातातपण आणि मग जाम, कारण एकात इंचाला २८ आटे आणि दुसऱ्यात २७. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, तिथे जबरदस्ती करायची हिंमत नाही, म्हणून हायड्रॉलिक फिटिंगवाल्याकडून अडॅप्टर आणि रबरी होज बनवून घेतला. सेंडर जड असतो, थेट ब्लॉकवर लावला तर व्हायब्रेशनने पितळी अडॅप्टर तुटतो म्हणतात, म्हणून तो फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) रबरवाल्या क्लिपने लटकवलाय.

आता चावी ऑन केली की इंजिन बंद असतानाच काटा फुल, आणि दिवा लागतच नाही. इंजिन चालू केलं तरी काटा ढिम्म. वायरमन म्हणतो मीटर गेलाय, नवीन घ्या. मला पटत नाहीये, दोन्ही गोष्टी एकदम कशा बिघडतील? कुणी हे केलंय का?

प्रतिसाद:
मीटर बदलू नका दादा. ह्या रेंजमध्ये ० बारला १० ओहम आणि फुलला १८० च्या आसपास, म्हणजे सर्किट ओपन झालं की काटा फुलच जाणार. अमेरिकन २४०-३३ ओहमवाल्या सेंडरचं बरोबर उलटं, तो ओपन झाला की शून्यावर पडतो. तुमच्या सेंडरला अर्थ त्याच्या बॉडीतूनच मिळतो, काट्यालापण आणि दिव्यालापण. ब्लॉकमध्ये असता तर आपोआप मिळाला असता, तुम्ही तो रबरी होजवर आणि रबरी क्लिपमध्ये टांगलाय, मग अर्थ येणार कुठून?

चावी ऑन ठेवून जी ची वायर काढा आणि ब्लॉकला टेकवा. काटा खाली आला तर मीटर आणि वायर दोन्ही ओके. मग चावी बंद करून, दोन्ही वायरी काढून मल्टिमीटरने सेंडरची बॉडी ते बॅटरीचा मायनस आणि जी ते बॉडी मोजा.

धागाकर्ता:
जी टेकवल्यावर काटा टक्कन खाली! बॉडी ते मायनस ओपन, जी ते बॉडी ११ ओहम. म्हणजे सेंडर जिवंत आहे. ओरिजिनल स्विचपण ठेवायचा असेल तर डब्ल्यूकेसोबत जोडला तर चालेल का?

प्रतिसाद:
चालेल की, दोघांतल्या कुणीही अर्थ दिला की दिवा लागेल. पण त्यासाठी ब्लॉकवर टी (एका भोकातून दोन जोडण्या देणारं फिटिंग) लागेल, नाहीतर नुसता डब्ल्यूके पुरेसा आहे. सेंडरच्या बॉडीला होज क्लॅम्पखाली वायर दाबा आणि ती इंजिनच्याच बोल्टला न्या, फायरवॉलला नको, रंगावर कॉन्टॅक्ट नीट येत नाही. इंजिन ते चासीची अर्थ पट्टी परत लावलीय ना तेपण बघा, स्वॅपमध्ये ती हमखास राहते. आणि गाडी रोडवर काढायच्या आधी कुणाकडून मेकॅनिकल गेज (थेट ऑइलच्या प्रेशरवर चालणारा, बिनवायरचा मीटर) आणून एकदा खरं प्रेशर बघा, गरम इंजिनवर, आयडलला. दोन्ही काटे जवळपास जुळले तर वायरिंग झालं समजा.