हिप-हॉप नाट्यमहोत्सवासाठी एकांकिका: रॅपमधून नाटक कसे उभे करावे?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून सध्या बेळगावात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या विद्यापीठात यंदा तीन दिवसांचा हिप-हॉप नाट्यमहोत्सव होणार आहे. त्यात प्रत्येक विभागाने चाळीस मिनिटांची एकांकिका सादर करावयाची असून रॅप, डीजे, ब्रेकिंग (म्हणजे नाच) आणि ग्राफिटी (म्हणजे भिंतीवरची रंगीत अक्षरे) या चार अंगांपैकी किमान दोन अंगे कथानकाचा भाग असली पाहिजेत, अशी अट आहे.

आमची गोष्ट दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका मराठी पेंटरची आहे. फ्लेक्स आल्यावर त्याचे काम गेले. आता पाट्यांवर 60 टक्के कन्नड असले पाहिजे हा नियम आल्यामुळे काही कामे पुन्हा येऊ लागली आहेत. त्याला कन्नड अक्षरे अतिशय वळणदार काढता येतात, मात्र वाचता येत नाहीत. त्याचा मुलगा रॅप करतो आणि बापाची ही अडचण त्याला लाजिरवाणी वाटते. आमच्या गटात नऊ जण आहेत: पाच मराठी, तिघे कन्नड आणि घरी उर्दू बोलणारी एक मैत्रीण.

अडचण अशी की तालमीत जे उभे राहते ते नाटक वाटत नाही. दोन संवाद होतात, मग कोणी तरी माईक घेऊन रॅप म्हणतो, टाळ्या पडतात आणि पुन्हा दोन संवाद सुरू होतात. हे गॅदरिंग झाले. शिवाय डीजेला रंगमंचावर नेमके काय काम द्यावे आणि तीन भाषा एकत्र कशा आणाव्यात, हेही आम्हाला उमगलेले नाही. आमच्या मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे की हे सारे परदेशी आहे, त्यापेक्षा मातीतले काही तरी करा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंगपेटी

तुमच्यासमोरची पहिली अडचण बेळगाव जिल्ह्यातल्याच एका माणसाने 1880 मध्ये सोडवून ठेवली आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे. त्यांच्या आधी विष्णुदास भावे यांच्या पद्धतीच्या नाटकांत पदे म्हणण्याचे काम प्रामुख्याने सूत्रधाराकडे असे. तो गात असताना पात्रे अभिनय करीत आणि मधली भाषणे बहुतेक आयत्या वेळी सुचतील तशी बोलत. ‘संगीत शाकुंतल’मध्ये किर्लोस्करांनी पदे पात्रांच्या तोंडी दिली. दुष्यंताचे दुष्यंताने गायचे, शकुंतलेचे शकुंतलेने. ऐकायला हा बदल किरकोळ वाटतो, पण गाणारा आणि सोसणारा एकच झाल्यामुळे गाणे हीच कृती झाली.

तुमचे रॅपर सध्या भाव्यांच्या सूत्रधाराचे काम करीत आहेत. ते पात्रांविषयी बोलतात, पात्रे म्हणून बोलत नाहीत. एक कसोटी लावून पाहा. एखादा रॅप पूर्ण काढून टाकल्यावरही पुढचा प्रसंग जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तो रॅप तुमच्या नाटकाचा नाही. मुलगा रॅप सुरू करतो तेव्हा त्याला बापाकडून काही तरी हवे असले पाहिजे आणि रॅप संपेपर्यंत ते मिळालेले किंवा कायमचे गेलेले असले पाहिजे. सूत्रधाराची जागा डीजेला द्या, ती त्याला शोभेल.

आता सरांविषयी. 1843 मध्ये सांगलीत भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. ज्याला आपण आपल्या मातीतले मराठी नाटक म्हणतो, त्याची पहिली प्रेरणा कन्नड मुलखातून आली, एवढे त्यांच्या कानावर घालावे. (नम्रपणे घालावे. अंतर्गत गुण त्यांच्याच हाती असतील.)

भेदिक_निपाणी

रंगपेटी यांच्याशी सहमत आहे, पण सरांचे म्हणणे इतक्या लवकर मोडीत काढू नये. माझे आजोबा कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत तुऱ्याच्या बाजूने भेदिक, म्हणजे कूट सवालांच्या, लावण्या म्हणत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर समोरासमोर सवाल-जबाब चालतात. उत्तर कन्नड भागात हाच सामना हरदेशी आणि नागेशी या नावांनी रंगतो. तुमच्या गटातल्या तिघा कन्नड मित्रांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले, तर बहुधा कोणी तरी ऐकलेले निघेल.

त्या फडातील एक गोष्ट तुमच्या उपयोगी पडेल. सवाल टाकणारा केवळ स्वतःची हुशारी मिरवीत नाही, तो समोरच्याला कोंडीत पकडतो, आणि उत्तर आले नाही तर पुढची सारी रात्र ती नामुष्की त्या बाजूच्या डोक्यावर राहते. बाप-लेकाच्या भांडणाचा प्रसंग याच घाटाने बांधावा: बापाने सवाल टाकायचा आणि मुलाने त्याच्या शेवटच्या शब्दावरून जबाब उचलायचा. बापाला डफ द्या, मुलाला बीट द्या. मुलाकडे शब्द भरपूर असूनही एका सवालाला त्याच्यापाशी जबाब नाही, असे झाले तर प्रेक्षागृह आपोआप शांत होईल.

सोळामात्रा

मी मूळचा शहापूरचा, सध्या बेंगळुरूत बीट तयार करण्याचे काम करतो. भेदिक यांची सूचना उत्तम आहे, परंतु ‘कलगी-तुरा म्हणजे आपला रॅपच’ असे कृपया प्रस्तावनेत लिहू नका. दोन्हींत सामना आहे म्हणून दोन्ही एक होत नाहीत. कलगी-तुऱ्याच्या मागे अध्यात्माचा वाद आहे. हिप-हॉपचा जन्म न्यू यॉर्कमधील ब्राँक्सचा. ज्या भागाच्या मधोमध द्रुतगती मार्ग काढून वस्त्या उठवल्या होत्या, तेथे 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक अव्हेन्यूवरील 1520 क्रमांकाच्या इमारतीत जमैकाहून आलेल्या कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. एका गाण्यातला केवळ तालवाद्यांचा छोटासा तुकडा लोकांना नाचायला आवडतो, हे हेरून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या आणि एकीवरचा तुकडा संपताच दुसरीवर तोच सुरू करण्याची युक्ती काढली. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात, म्हणून त्यावर नाचणारे ब्रेकर. माईकवरचे शब्द मोठे झाले ते नंतर.

आपल्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतील ट्रॅक्टरवरची स्पीकरांची भिंत, त्यामुळे डीजे हा कारागीर आहे हेच आपण विसरतो. तुमच्या नाटकात त्याचे काम या युक्तीतच दडलेले आहे, कारण ब्रेक म्हणजे थांबवून ठेवलेला क्षण. मुलगा बापाला एक वाक्य बोलून जातो. डीजेने तेच वाक्य पुन्हा पुन्हा फिरवावे आणि तुमच्या नाचणाऱ्याने त्या आवर्तनांत बापाचे शरीर व्हावे. ब्रेकिंग कथेत शिरते ते असे. अमेरिकेत हे प्रयोग नवे नाहीत. डॅनी हॉक यांच्या पुढाकाराने 2000 मध्ये न्यू यॉर्कमध्ये हिप-हॉप नाट्यमहोत्सव सुरू झाला, आणि विल पॉवर यांनी एस्किलसची ग्रीक शोकांतिका हिप-हॉपमध्ये आणून 2006 मध्ये तेथे रंगमंचावर ठेवली. तीही बापाच्या शापात अडकलेल्या मुलांचीच गोष्ट आहे.

हिशेबाचे थोडे. मिनिटाला 90 ठोक्यांच्या गतीने चार-चार मात्रांच्या सोळा ओळी सुमारे 43 सेकंदांत संपतात. एवढ्या वेळात प्रेक्षकाला एकच नवी माहिती पचते. ज्या रॅपमध्ये कथा पुढे सरकते, तो 80च्या आसपास ठेवा आणि वेग भांडणासाठी राखून ठेवा. भाषेचेही आहे: मराठी शब्दाचा शेवट पुष्कळदा व्यंजनावर थांबतो, त्यामुळे यमक ठोक्यावर आदळते, कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो आणि ठोक्याच्या पुढे ओघळतो. एकाच ओळीत दोन्ही कोंबण्यापेक्षा ओळी आलटून-पालटून घ्या, कान आपोआप जुळवून घेतो.

मलप्रभाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल कसोटी लावली आणि पाचपैकी तीन रॅप गळाले. रॅपर मित्र दोन तास रुसला होता, आता वळणावर आला आहे. डफावरचा सवाल आम्ही ठरवला: ‘तू शब्द विकतोस, मी अक्षर विकतो, यात अडाणी कोण?’ आता ग्राफिटीविषयी विचारायचे आहे. भिंतीवर काय लिहावे यावरून गटातच वाद आहे, कारण इथे पाटीवरचा एकेक शब्द लोक मोजून वाचतात.

अक्षरवळण

माझे वडील खडे बाजार परिसरात पाट्या रंगवत, म्हणून राहवले नाही. ग्राफिटीत घोषणेपेक्षा नाव जुने. न्यू यॉर्कमधील एका मुलाच्या ‘टाकी 183’ या सहीमुळे 1971 मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने या प्रकाराची दखल घेतली, आणि त्या सहीतील 183 हा त्या मुलाच्या रस्त्याचा क्रमांक होता. नाव आणि गल्ली, बस. आपल्याकडेही माणूस गल्लीच्या नावानेच ओळखला जातो, तेव्हा मुलाची सही तशीच करावी.

बापाची पाटी मात्र प्रेक्षकांसमोर रंगू द्या. आधी सूत मारून सरळ रेघा, मग खडूने अक्षरांचा सांगाडा, मग ब्रश. नटाने हे चार दिवस एखाद्या पेंटरजवळ बसून शिकावे. स्प्रेचे डबे बंद सभागृहात अजिबात वापरू नका, पुढच्या दोन रांगा खोकत बसतील.

आणि पाटीवर चूक होऊ द्या. तुमचा पेंटर वाचू शकत नाही, म्हणजे प्रेक्षागृहातील कन्नड वाचणाऱ्यांना ती चूक त्याच्याआधी कळेल आणि उरलेले त्यांच्या हसण्याने दचकतील. अर्धे सभागृह आधी हसते आणि अर्धे नंतर, असा प्रसंग आपल्याच भागात शक्य आहे. शब्द मात्र तुमच्या कन्नड मित्रांनीच निवडावा. आपण निवडला तर ती टिंगल होते.

मलप्रभाकाठ

शब्द मिळाला. पेंटरला दूध डेअरीची पाटी करायची आहे. कन्नडमध्ये दूध म्हणजे ‘हालु’. त्यातला ल जाऊन ळ आला की ‘हाळु’ होते, म्हणजे नासलेले, उद्ध्वस्त. कन्नड मित्राने हे सांगताच मराठी मित्र म्हणाला, आमच्याकडे तर ‘हाल’ म्हणजे सोसणे. त्यावर इतके दिवस गप्प असलेली आमची उर्दू बोलणारी मैत्रीण म्हणाली की तिच्या घरी ‘हाल’ म्हणजे नुसती खुशाली. तीन भाषा कशा जोडाव्यात याची आम्ही महिनाभर चर्चा करीत होतो. शेवटचा रॅप आता याच एका शब्दावर बांधत आहोत: पहिली ओळ तिची, ‘अब्बा, क्या हाल है’, आणि त्यानंतर ब्रश हातात घेऊन, पाटीकडे तोंड करून, बाप.